घराघरांतले दप्तर शोधणारा वाटसरू : वरसईचे इतिहासाचार्य राजवाडे

कर्जत स्थानक सुटले की पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढू लागते आणि खालापूर-खोपोलीचा सखल मुलूख हळूहळू मागे पडतो. या घाटातून लोहमार्ग सुरू झाला तो १८६३ साली. त्याच वर्षी, खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात, बाळगंगेच्या खोऱ्यातील वरसई गावी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म झाला. लोहमार्गाने घाटाखालची माणसे पुण्या-मुंबईला नेली, घराण्यांच्या शाखा पांगवल्या आणि गावाशी असलेला संबंध सुट्टीपुरता उरवला. राजवाड्यांनी आयुष्यभर उलट दिशेचा प्रवास केला. शहरातून ते खेड्यांकडे गेले आणि घराघरांच्या माळ्यांवर पडलेले, घरच्यांनाच वाचता न येणारे कागद त्यांनी महाराष्ट्राच्या इतिहासासाठी मिळवले.

आपण मूळचे कुठले, हा प्रश्न आज शहरातल्या अनेक घरांत विचारला जातो. आडनावात एखाद्या गावाचे नाव असते, कुलदैवत दुसऱ्याच तालुक्यात असते, आजोबांच्या तोंडून ऐकलेली एखादी कथा असते आणि त्यापलीकडे काही नसते. कर्जत-खालापूरकडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी मुंबईत आलेल्या कुटुंबांची स्थिती याहून वेगळी नाही. अशा शोधाची वाट कशी असते, तिच्यावर काय हाती लागते आणि कुठे पाय घसरतो, हे समजून घ्यायचे तर राजवाड्यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ३१ डिसेंबर २०२६ ही त्यांच्या स्मृतिशताब्दीची तारीख आहे. त्या निमित्तानेही या चरित्राची उजळणी व्हायला हवी.

वरसई ते पुणे

राजवाडे लहान असतानाच त्यांचे वडील वारले आणि बालपण पुण्याजवळच्या वडगावात नातलगांच्या आश्रयाने गेले. पुढचे शिक्षण पुण्यात आणि मुंबईत, पैशाच्या ओढाताणीमुळे खंडित होत होत झाले. १८८२ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८९० च्या सुमारास डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. त्यांचे थोरले बंधू वैजनाथशास्त्री हे संस्कृतचे नामांकित पंडित होते. धाकट्या विश्वनाथाचे मन मात्र नेमलेल्या पुस्तकांत रमले नाही. ग्रंथालयात बसून स्वतःच्या मनाप्रमाणे वाचन करणे आणि शरीर कमावणे, हे त्यांचे खरे शिक्षण.

पदवीनंतर काही काळ त्यांनी शिक्षकी केली. पण नोकरीत ते रुळले नाहीत. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. मराठीत जगातले उत्तम विचारग्रंथ यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा अनुवाद केला. मासिक फार दिवस चालले नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले लेखन मराठीतूनच करायचे, हा निश्चय मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्या काळच्या विद्वानाला इंग्रजीतून लिहिल्याने मान, पद आणि पैसा मिळत असे. राजवाड्यांनी त्या तिन्हींवर पाणी सोडले.

वाड्यातले पेटारे

मराठ्यांच्या इतिहासाची सर्वात मोठी कागदपत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात होती, पण ते दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि देशी अभ्यासकांना त्याचे दार सहजासहजी उघडत नसे. त्यातल्या निवडक कागदांचे खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाड्यांच्या मृत्यूनंतर. सरकारी दार बंद असल्यामुळे दुसरे दार शोधणे भाग होते. ते दार राजवाड्यांना वाईत सापडले. तिथल्या एका जुन्या वाड्यातून पानिपतच्या काळातील पत्रव्यवहार त्यांच्या हाती लागला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील ती पत्रे छापून आली आणि पानिपतच्या मोहिमेकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. या मालेचे पुढे एकूण २२ खंड निघाले.

या खंडांमागची पायपीट आज कल्पनेतही येणार नाही. अंगावरचे कपडे, थोडी भांडी आणि लिहिण्याचे साहित्य एवढ्यावर राजवाडे गावोगाव हिंडत. हाताने स्वयंपाक करून जेवत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठाधिपती, सावकार अशा कोणाच्या घरी जुने दप्तर असल्याचे कळले की तिथे जाऊन बसत. कागद मिळतच असे नाही. इनाम कमिशनच्या चौकशीची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. कागद दाखवला तर वतन जाईल, भाऊबंदकीतला जुना दावा उकरला जाईल किंवा पूर्वजाची लबाडी उघडी पडेल, अशी भीती असे. काही घरांत दप्तराची पूजा होई, पण ते उघडायची परवानगी नसे. काही ठिकाणी राजवाडे पोहोचण्याआधीच वाळवीने काम केलेले असे, कुठे ते रद्दीत गेलेले असे, तर कुठे अडगळ म्हणून नदीत सोडलेले असे. एका घराच्या हलगर्जीपणाने शेकडो घरांचा इतिहास बुडतो, हे त्यांनी वारंवार पाहिले आणि त्याबद्दलची त्यांची चीड त्यांच्या प्रस्तावनांतून कायम राहिली.

कागद बोलतो कोणाच्या तोंडून?

या दप्तरांत नेमके काय असे? राजे-सरदारांची पत्रे असत, पण त्यांच्या कितीतरी पट अधिक असत ते साधे, गावचे कागद : महजर, निवाडपत्रे, वतनाच्या सनदा, करिने, वंशावळी, जमाखर्च. वंशाचा शोध घेणाऱ्याला यांतले महजर आणि करिने सर्वात मोलाचे. पाटीलकी किंवा कुलकर्ण बद्दल वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आपल्या घराण्याची हकीकत, म्हणजे करिना, लिहून देत. मग गोतसभा बसे. गावची आणि शेजारगावची जाणती माणसे आपल्याला काय ठाऊक आहे ते शपथेवर सांगत आणि त्या साक्षींवरून निवाडा होई. निवाड्याच्या महजरावर साक्षीदारांची नावे असत. ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर, तर बलुतेदारांच्या निशाण्या त्यांच्या धंद्यातल्या अवजारांच्या.

म्हणजे ज्याला आपण लेखी पुरावा म्हणतो, तो मुळात गावाच्या आठवणीचाच लेख आहे. गावाने तोंडी सांगितले, कारकुनाने मोडीत उतरवले आणि ते जपले गेले. शिवाय दप्तर वतनदाराच्या घरचे असले तरी त्यात सुतार, लोहार, महार, कोळी, कुणबी यांचीही नावे आहेत. ज्यांच्या घरी स्वतःचा एकही कागद नाही त्यांचा पूर्वज दुसऱ्याच्या दप्तरात साक्षीदार म्हणून उभा असतो. आपल्या घराचा इतिहास अनेकदा शेजाऱ्याच्या माळ्यावर असतो, हे राजवाड्यांच्या संग्रहामुळे स्पष्ट झाले.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एकट्याने वणवण करून जे साधते त्याला मर्यादा आहे, कागदांना कायमचे घर हवे आणि वाचणाऱ्यांची पिढी तयार व्हायला हवी, हा त्यामागचा विचार होता. संस्था वाढली. संस्थापकाचा स्वभाव मात्र संस्थेत मावणारा नव्हता. मतभेद झाले आणि राजवाडे त्या कारभारातून बाहेर पडले.

समाजाने घेतलेली उलटतपासणी

राजवाड्यांना कागदाची पारख होती, पण कागदापलीकडे जाऊन ठाम विधाने करण्याची सवयही होती. विशेषतः जातींच्या मूळाविषयी लिहिताना त्यांची लेखणी ब्राह्मणी अभिमानाकडे झुकत असे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी मंडळाच्या प्रकाशनातून केलेल्या विधानांनी मोठे वादळ उठले. त्याला खरपूस उत्तर दिले ते प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी. ठाकरे हे कर्जत-खालापूरच्या शेजारच्या पनवेलचे. १९१८ मध्ये त्यांचे ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजवाड्यांचे आक्षेप एकेक घेऊन त्यांनी आपल्या समाजाच्या बाजूचा इतिहास पुराव्यांसह मांडला.

या वादात शब्दांची धार दोन्ही बाजूंनी तीव्र होती. पण वंशशोधकाने त्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. इतिहासकार कितीही मोठा असला तरी एखाद्या समाजाविषयी लिहिताना त्या समाजाकडचे कागद आणि स्मृती पाहिल्याशिवाय त्याचे विधान पुरे होत नाही. तसेच समाजाला स्वतःविषयी जे सांगावेसे वाटते तेही तपासल्याशिवाय इतिहास ठरत नाही. प्रत्येक घराण्याला आपला मूळपुरुष पराक्रमी हवा असतो. वंशावळीत चार पिढ्या वाढवण्याचा आणि नको असलेली शाखा गाळण्याचा मोह जुनाच आहे. राजवाड्यांनी इतरांच्या वंशावळींतला हा मोह अचूक पकडला. स्वतःच्या समाजाच्या श्रेष्ठत्वाविषयीचा मोह मात्र त्यांना तितकासा दिसला नाही.

उत्तर कोकणची बखर

आयुष्याच्या अखेरीस राजवाडे पुन्हा कोकणाकडे वळले. १९२४ मध्ये त्यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या प्रकरणांचा हा संग्रह उत्तर कोकणातील राजवटींचा वृत्तान्त सांगतो, आणि त्याहून अधिक म्हणजे तिथल्या कुळांची हकीकत सांगतो. त्यातला एक भाग शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ चा आहे. परक्या सत्तेखाली लोकांचे कुळाचार विस्कळीत झाले, कोणाची वृत्ती कोणती हे सांगणे कठीण झाले, तेव्हा मालाडचे देशमुख नायकोराव यांच्या पुढाकाराने केशवाचार्यांनी कुळांची माहिती एकत्र केली, असा तो प्रसंग आहे. घराण्यांचा शोध घेण्याची निकड पंधराव्या शतकातही भासली होती आणि तेव्हाही ती माणसे जमवून, विचारपूस करूनच पुरी झाली होती.

या बखरीच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी कातकरी, ठाकर, वारली आदी उत्तर कोकणातील जमातींचा विचार केला, त्यांची बोली आणि चालीरीती पुराव्यासारख्या तपासल्या. हेच ठाकर आणि कातकरी आजही कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत राहतात. राजवाड्यांनी त्यांच्या मूळाविषयी बांधलेले अनेक तर्क आज कोणी मानत नाही, आणि त्यांचा चढउताराचा दृष्टिकोन तर मानूही नये. पण ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा इतिहास त्यांच्या भाषेत, नावांत आणि गाण्यांत शोधावा लागतो, ही जाणीव त्या काळात दुर्मीळ होती. नावांच्या या ओढीतूनच त्यांनी व्यक्तिनामे, कुलनामे आणि स्थलनामे यांच्या व्युत्पत्ती जमवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्या कोशरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती मान्य होण्यासारखी नाही. पण आडनाव आणि गावाचे नाव हेही एक दप्तरच आहे, हे त्या कोशाने शिकवले.

घाटाखालचा शोध

आता राजवाड्यांची ही रीत घेऊन कर्जत-खालापूरकडे वळू. पहिला अडथळा येतो तो हद्दीचा. कंपनी सरकारच्या काळातील कागदांत कर्जतऐवजी नसरापूर तालुक्याचे नाव भेटते आणि खालापूर त्याचा पेटा असतो. १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये कर्जत ठाणे जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कुलाबा जिल्ह्यात गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. त्यामुळे अलिबागला कागद नाही म्हणून जो निराश होतो, त्याने ठाण्याचे दार ठोठावलेले नसते. पूर्वजाने गाव बदललेले नसते. गावाचा जिल्हा बदललेला असतो.

दुसरी पायरी सरकारी नोंदींची. सातबारा उतारा सर्वांना ठाऊक असतो, पण वंशशोधाला अधिक उपयोगी असतात ते फेरफार. खातेदार वारला की वारसांची नावे चढतात, आणि एकामागून एक फेरफार मागे वाचत गेले की पिढ्या उलगडतात. विवाहित मुलींची नावेही अनेकदा तिथेच सापडतात. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांनी कुळांच्या नोंदी पाहाव्यात. १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कोकणात कित्येक घरांचे नाव कूळ म्हणून प्रथमच ठळकपणे कागदावर आले. याशिवाय गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळेचे जनरल रजिस्टर आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पिंडदानाला गेलेला पूर्वज उपाध्यायाला आपल्या बापाचे, आजाचे आणि गावाचे नाव सांगून आलेला असतो.

तिसरी पायरी माणसांची. गावच्या जत्रेत पालखीचा मान कोणाचा, होळीचा पहिला नारळ कोणाचा, देवाची काठी कोणत्या वाडीतून निघते, हे विचारले की गावात कोणते कूळ आधी आले आणि कोणते नंतर, याचा माग लागतो. माहेर-सासरची नाती थोरल्या बायकांच्या तोंडी असतात. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असल्यामुळे ही अर्धी बाजू केवळ त्यांच्याच आठवणीत असते. नेताजी पालकरांचे गाव म्हणून खालापूर तालुक्यातील चौकचे नाव घेतले जाते, हेही गावाने जपलेल्या आठवणीचेच उदाहरण. अशा आठवणी कागदाशी ताडून पाहाव्यात. कागद नाही म्हणून त्या फेकून देऊ नयेत आणि अभिमान वाटतो म्हणून त्या जशाच्या तशा छापूही नयेत.

मूळ प्रत जशीच्या तशी जपण्याचा धडा तर वरसईनेच दिला आहे. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात अडकलेले विष्णुभट गोडसे हेही वरसईचे. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण मजकुरात आणि भाषेत फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ संहिता छापली, तेव्हा विष्णुभटांचा खरा आवाज वाचकांपर्यंत पोहोचला. हस्तलिखित टिकले म्हणून हे शक्य झाले. आजोबांच्या वहीची स्वच्छ नक्कल करून मूळ वही रद्दीत देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अडसर मोडीचा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी मोडी लिपी त्यानंतर मागे पडली आणि दोन पिढ्यांत आपलेच कागद आपल्याला परके झाले. याची किंमत किती मोठी असते, हे २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने त्या वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तालुक्यातालुक्यांच्या अभिलेख कक्षांतील जुने रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली : पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट बदलू शकतो, आणि तो शब्द वाचता येणारी माणसे मोजकी उरली आहेत. कातकरी आणि ठाकर कुटुंबांना तर जातीच्या दाखल्यासाठी कागद कुठून आणायचा, हा प्रश्न नेहमीच भेडसावत आला आहे. वंशाचा शोध हा केवळ हौशीचा विषय नाही.

धुळ्याचा शेवट, वरसईची आठवण

राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्याशी जोडला गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. जमवलेले कागद, टिपणे आणि अपुरी कामे एवढीच त्यांची इस्टेट होती. त्यांच्या चाहत्यांनी अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि ती कागदपत्रे सांभाळण्याची जबाबदारी उचलली. ज्यांनी हजारो घरांच्या वंशावळी वाचवल्या त्यांच्या स्वतःच्या परिश्रमांचा वारसा असा समाजाने चालवला. त्यांच्या प्रस्तावनांतील सिद्धान्तांपैकी कित्येक नंतरच्या संशोधकांनी खोडून काढले. त्यांनी छापलेले कागद मात्र त्यांना खोडून काढणाऱ्यांनाही वापरावे लागले.

त्यांच्या जन्मगावाचे भवितव्यही निर्धास्त राहिलेले नाही. बाळगंगा धरण प्रकल्पामुळे बाधित होणाऱ्या गावांत वरसईचे नाव आले. गाव उठते तेव्हा जमिनीचा मोबदला मोजला जातो; पण कोणत्या घराचा कोणता मान होता, कोणते शेत कोणत्या नावाने ओळखले जाई, कोणत्या आळीत कोण राहत होते, याची पंचयादी कोणी करत नाही. घाटाखालच्या प्रदेशात आज शेतघरे, वसाहती आणि रुंद रस्ते झपाट्याने वाढत आहेत. शेते विकली जात आहेत, जुनी कौलारू घरे पाडली जात आहेत. त्यांच्या माळ्यावरची गाठोडी कुठे जातात, हे विचारायला राजवाडे आता येणार नाहीत.

ते काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागेल. येत्या सुट्टीत गावी गेल्यावर माळा उघडावा, गाठोडे कोरड्या जागी ठेवावे, मोडी जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय एकही कागद टाकू नये. थोरल्या माणसांजवळ बसून ती सांगतील ते लिहून घ्यावे आणि कोणी, केव्हा सांगितले तेही शेजारी नोंदवावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवावे.